वाळवंटात पाऊस नाही, तर नाले कोणं कोरले?

प्रश्न (दारव्हा, यवतमाळ)
पोरगी भूगोल वाचून रायली होती, वाळवंटातली भूरूपं म्हणजे वारा. अन् माह्या ट्रकवाल्या साळ्यानं जैसलमेरकडून फोटो पाठवले त्यात कोरडे नाले, काठ उभे कापल्यासारखे. हे वाऱ्याचं काम वाटत नाही.

उत्तर १
नाहीच, भाऊ. तिकडं वर्षाला साधारण 200 मिमी पाऊस, पण आला की झोडपते. माती धरायले झाडझुडूप नाही, म्हणून पाणी मुरण्याआधीच धावते अन् गाळ, गोटे सारं घेऊन जाते. उन्हाळवाही केलेल्या वावरात पहिला वळीव पडल्यावर ओघळी पडतात ना, तसंच. 2006 च्या ऑगस्टात बाडमेरकडचं कवास गाव बुडालं होतं. खाली जिप्समचा थर, तो पाणी मुरू देत नाही, म्हणून पाणी कितीतरी दिवस हटलंच नाही.

उत्तर २
वाऱ्यालेही एकदमच मोडीत काढू नका. वाळूचे कण उड्या मारत जातात, पण जमिनीपासून फार तर मीटर-दीड मीटर. म्हणून खडक बुडाशी झिजते, वर छत्री राहते. वाळूच्या चंद्रकोरी टेकडीचा वाऱ्याकडचा उतार सौम्य, मागचा तीसेक अंशांचा, अन् शिंगं, म्हणजे कोरीची दोन टोकं, वारा जाते तिकडं.

प्रश्नकर्ता
मंग परीक्षेत काय लिहू म्हणते पोरगी.

उत्तर १
वारा आधी लिही म्हणा, गुण त्याचेच हायेत. खाली एक ओळ पाण्याची.