ईजबेलला अजून किती झोडपणार?

शिळोप्या: कालच्या पोस्टीत लिहिलंय, "इस्राएल मुळात साधाभोळा, सोर-सीदोनच्या फिनिशियन व्यापाऱ्यांनी आणि ईजबेलने तो नासवला." सोर आणि सीदोन ही लबानोनच्या किनाऱ्यावरची शहरं, आणि ईजबेल सीदोनच्या राजाची मुलगी, इस्राएलच्या अहाब राजाची राणी. गप्प बसणार होतो, जमलं नाही. अहो, शलमोन राजाच्या यरुशलेमातल्या देवळाचं लाकूड कुणी दिलं? सोरचा राजा हीराम, त्याच्या माणसांनी लबानोनात गंधसरू तोडले, ओंडक्यांचे तराफे बांधून समुद्रात सोडले. दारापुढचे याखीन-बवाज हे पितळी खांब ओतणाऱ्याचा बाप सोरचाच, आई तेवढी नफतालीची. बाबेलच्या बंदिवासातून यहुदी परत आल्यावर दुसऱ्या मंदिरासाठी पुन्हा सोर-सीदोनचंच लाकूड. देऊळ त्यांच्या हातचं चालतं, सून तेवढी चालत नाही!

मिठागर: लाकूड काय धर्मादाय दिलं होतं? वर्षाला २०,००० कोर (धान्याचं माप) गहू मोजून घेतला. आणि सून म्हणजे कोण, तर बआल देवाचे ४५० आणि अशेरा देवीचे ४०० संदेष्टे पोसणारी. राजवाड्याला लागून मळा हवा म्हणून त्याचा मालक नाबोथ याच्यावर खोटे साक्षीदार उभे केले, बिचारा दगडांखाली मेला. जरा तेही लिहा.

सेंटरिंगवाला: गव्हाचं सोडा, शेवटच्या बिलाचं बोला. २० वर्षं देऊळ आणि राजवाडा चालला, मग शलमोनाने हीरामच्या गळ्यात मारली गालीलातली २० गावं. तो बघायला गेला आणि म्हणाला, भाऊ, ही कसली गावं दिलीस! माझ्या वडिलांचं डिट्टो. बिल्डरने बिलापोटी सातव्या मजल्यावरचा फ्लॅट दिला. लिफ्टच्या जागी नुसता खड्डा, नळाला पाणी नाही, ओसी आजतागायत नाही. वर हीरामने १२० किक्कार (वजनाचं माप) सोनंही पाठवलं होतं. कोणी कोणाला नासवलं?

मिठागर: बायबलातला २ इतिहास, अध्याय ८ काढा. तिथे हीरामनेच शलमोनाला नगरं दिली असं आहे.

शिळोप्या: तो ग्रंथ बंदिवासानंतरचा. लाडक्या राजाने देशाची जमीन परक्याला दिली, हे त्यांच्या घशाखाली कसं उतरणार?

मिठागर: म्हणजे सोयीचं ते खरं, गैरसोयीचं ते मागाहून घुसडलेलं. छान!

सेंटरिंगवाला: परत दिली असतील तर का दिली? कारण राहण्यालायक नव्हती! आम्हीही फ्लॅट परत द्यायला गेलो होतो. ऑफिसला कुलूप.

शिळोप्या: दादा, तुमच्या फ्लॅटचा वेगळा धागा काढा ना.

सेंटरिंगवाला: का? ज्यांचे पैसे बुडतात त्यांनी पोथीबद्दल बोलायचं नाही?

नवगावचा: आम्ही बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. घरात मलिद्याचा विधी होतो तो एलियाहू हन्नाबीच्या नावाने, ईजबेलच्या बआलशी झगडलेल्या संदेष्ट्याच्या. अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आजीने दाखवल्या होत्या. तेव्हा ईजबेलचं कौतुक मला सांगू नका. पण दुष्काळात हाच एलियाहू राहिला कुठे? सारफथला, सीदोनच्या मुलखात, म्हणजे तिच्या माहेरी! तिथली विधवा काटक्या गोळा करत होती. मडक्यात मूठभर पीठ, कुपीत थोडं तेल, तेवढं पोराबरोबर खाऊन मरायचं, एवढाच तिचा हिशेब. तरी पहिली भाकर तिने पाहुण्याला दिली. भांडण बआलशी होतं, अख्ख्या सीदोनशी नाही.

मिठागर: विधवेला नमस्कार. पण योएल संदेष्ट्याचं पुस्तक वाचलंत? यहूदाची माणसं ग्रीकांना विकणारेही सोर-सीदोनचेच. एका भाकरीवर ते माफ?

शिळोप्या: आणि शलमोनाने आपल्याच ३०,००० लोकांना वेठीला धरून लबानोनात पाठवलं, ते कोणत्या खात्यात?

नवगावचा: माफ कोण म्हणतंय? शेजार असाच असतो. बंदिवासानंतर यरुशलेमचा कारभार बघणाऱ्या नहेम्याच्या वेळी सोरवाले तिथे शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवशी मासे विकत, म्हणून तो कडाडला. घेत कोण होतं? आपलेच ना?

मिठागर: घेतले असतील. मासळीवरून कोकणी माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही. ईजबेलबद्दलचा एक शब्द मात्र मागे घेणार नाही.

सेंटरिंगवाला: आणि २० गावांचं काय ठरलं?