खांदेरीला 'खांदेरी' म्हटलं तर सरखेल (मराठा आरमारप्रमुख) कान्होजींचा अपमान?

थळवाला: काल अलिबागजवळच्या खांदेरी बेटाबद्दल एका गृहस्थांनी लिहिलं, "१९९८ साली 'कान्होजी आंग्रे बेट' असं नामकरण झालं, तरी खांदेरीच म्हणणाऱ्यांना कदर नाही." अहो, वडील वेताळाला नारळ घेऊन होडीने जायचे ते खांदेरीलाच. तिथल्या त्या वाजणाऱ्या दगडावर खडा आपटला की पितळेच्या हंड्यासारखा आवाज येतो. १६७९ साली महाराजांनी इंग्रजांच्या नाकावर टिच्चून तट बांधला, तेव्हा कान्होजी पोर होते. नाव द्यायचंच होतं तर तिथे लढलेल्या मायनाक भंडारींचं द्यायचं.

निवृत्त_खलाशी: म्हणजे कान्होजींना काहीच नको? इंग्रजांनी समुद्री चाचा (लुटारू) ठरवलेल्या माणसाचं नाव १९५१ मध्ये मुंबईच्या नौदल तळाला दिलं, ही साधी गोष्ट नाही. मी 'आंग्रे'वर होतो. सासूबाई तीन वर्षं विचारत होत्या, "जावईबापू, तुमचं जहाज सुटणार कधी?" तो तळ जमिनीवर आहे हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

शुद्धलेखनवाली: आधी 'आंग्रे' की 'आंगरे' ते ठरवा. मूळ आडनाव संकपाळ, आंगरवाडीवरून आंगरे. मग 'ग्रे' कुठून आला? इंग्रजी स्पेलिंगवरून!

निवृत्त_खलाशी: काहीही! नौदलाच्या हिंदी पाटीवरही 'आंग्रे'च.

शुद्धलेखनवाली: हिंदी पाटी हा मराठीचा पुरावा? माझ्या माहेरच्या आडनावाची एका कार्यालयाने अशीच वाट लावली. दोन कागदांवर दोन बायका, दोन्ही मीच. पाच खेपा घातल्या.

थळवाला: ताई, विषय बेटाचा आहे.

शुद्धलेखनवाली: नावाचा आहे ना? मग नाव नीट लिहा.

कुलाबकर: अलिबागला सरखेलांची समाधी आहे. इथे भांडणाऱ्यांपैकी किती जण गेलेत तिथे?

थळवाला: दर दिवाळीत जातो. तुम्ही?

कुलाबकर: बाहेरून पाहिली आहे.

निवृत्त_खलाशी: हा हा! बरं थळवाले, २०१९ मध्ये नौदलात आलेल्या पाणबुडीचं नाव 'खांदेरी'च आहे. त्याआधीच्या, १९६८च्या पाणबुडीचंही तेच. आता तरी खूश?

थळवाला: खूश. म्हणजे बेटाचं नाव पाण्याखाली गेलं आणि माणसाचं बेटावर आलं. मायनाक भंडारींचं मात्र राहिलंच.

शुद्धलेखनवाली: 'खूश' बरोबर लिहिलंत. तेवढं मान्य.