[मंडळ-यादी] पुन्हा: पुन्हा: रेवाची किटा, पत्ता कुणाचा लावायचा? (तातडीचं!)

नीलिमा, मंगळवार, रात्री 11.40

नमस्कार मंडळी,

माझ्या चुलत बहिणीचं, जुईचं, मंगळागौरीला बोलले होते, तेच. 12 सप्टेंबरला ती, नवरा आणि मुलगी रेवा, तिघं बर्लिनला येताहेत. रेवाला (3 वर्षं 4 महिने) लिष्टेनबर्ग भागातल्या किटात (पाळणाघर-बालवाडीत) 1 ऑक्टोबरपासून जागा मिळतेय. किटाच्या बाई म्हणतात, गुटशाइन (जागेच्या हक्काचा सरकारी कागद) दाखवा, शुक्रवारपर्यंत जागा धरून ठेवते. तो देणारं युगेंडआम्ट (बालकल्याण कार्यालय) म्हणतं, आनमेल्डुंग (पत्त्याची सरकारी नोंदणी) आणा. आनमेल्डुंगला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो आणि वेडिंगला ज्यांच्याकडे ते उतरणार ते फर्निश्ड अपार्टमेंटवाले म्हणतात, तो कागद आम्ही कुणालाच देत नाही. कायमचं घर बघावं तर प्रत्येक जण तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा मागतो. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, तशी गत. त्यात राहायला वेडिंग.

तर प्रश्न एवढाच: त्यांना आमच्या पत्त्यावर आनमेल्ड केलं तर चालेल का? कुणी केलंय का असं? उद्या सकाळी कळलं तर बरं.

नीलिमा

---

तन्मय, मंगळवार, रात्री 11.52

चालतं की. आमच्या ऑफिसात निम्म्या लोकांनी मित्राचा पत्ता लावला होता. कागदावर तूच सही कर, ब्युर्गरआम्टवाले (नोंदणी करणारं नागरिक कार्यालय) वर मानही करत नाहीत.

---

मकरंद, बुधवार, सकाळी 6.15

> चालतं की.

तन्मय, चालत नाही. जिथे राहायचंच नाही तिथला पत्ता नोंदणीसाठी देणं कायद्याने बंद आहे आणि दंड 50,000 युरोपर्यंत होऊ शकतो. तो पत्ता देणाऱ्याला, म्हणजे नीलिमाताईंना. घरमालकाच्या सहीचा कागद 1 नोव्हेंबर 2015 पासून पुन्हा सक्तीचा झाला तो याच खोट्या पत्त्यांमुळे. तुझ्या ऑफिसातले लोक नशीबवान.

खरोखर ताईंकडे राहणार असतील तर गोष्ट वेगळी. पण मग ताई, तुमच्या घरमालकाला विचारावं लागेल. नवरा-बायको-मुलं यांना विचारायची गरज नसते, चुलत बहिणीला असते.

---

शिरीषकाका, बुधवार, सकाळी 7.05

सर्वांना सुप्रभात.

आम्ही 1987 ला आलो तेव्हा भिंत उभी होती. आमचा थोरला दोन वर्षांचा होता, त्याला आमच्या भागात कुठेही जागा मिळेना, शेवटी हिने नोकरीच सोडली. आणि भिंतीपलीकडे जवळजवळ प्रत्येक पोर पाळणाघरात जात होतं. हे आपल्या मंडळातल्या नव्या लोकांना माहीत नसतं. आता वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला जागेचा कायदेशीर हक्क आहे, 2013 पासून. शिवाय बर्लिनमध्ये 2018 पासून किटाची फी नाही, जेवणाचे महिन्याला 23 युरो फक्त. तेव्हा फार टेन्शन घेऊ नये.

काका

---

वैदेही (सचिव), बुधवार, सकाळी 8.30

नमस्कार,

ही यादी घोषणांसाठी आहे, हे मागच्या सभेत ठरलं होतं. किटाविषयी सगळी माहिती 2019 साली मी स्वतः केलेल्या शीटमध्ये आहे (दुवा दर महिन्याच्या पत्रात खाली असतो). कुणीतरी त्यातला पांको भागाचा पूर्ण टॅब पुसून तिथे मोदकांच्या ऑर्डरी लिहिल्या आहेत. ज्याने केलं त्याने कृपया परत आणावं.

आणि गणपतीच्या स्वयंसेवकांमध्ये अजून फक्त चार नावं आहेत.

---

अनुजा, बुधवार, सकाळी 8.48

वैदेही, मोदकांचं माझ्याकडून झालं, सॉरी गं. मला वाटलं ती नवीन शीट आहे.

---

नीलिमा, बुधवार, सकाळी 9.10

काका, हक्क आहे हो, पण हक्काचा कागद काढायलाच पत्ता लागतो ना. अडलंय तिथेच.

मकरंद, खरोखर राहायला आल्या तर मला आनंदच आहे. पण 54 चौरस मीटर, दोन खोल्या, आणि 20 तारखेला सासूबाई येताहेत तीन महिन्यांसाठी. हॉलमध्ये सोफा उघडला की बाल्कनीचं दार उघडत नाही.

आणखी एक: वेडिंगला राहून लिष्टेनबर्गची किटा चालते का? जुईचं म्हणणं, गुटशाइन ज्या बेत्झिर्कचं (शहराच्या प्रशासकीय विभागाचं), किटाही तिथलीच लागते.

---

गौरी, बुधवार, सकाळी 10.20

नाही नाही. गुटशाइन वेडिंगच्या पत्त्यावर मिटं बेत्झिर्कचं (वेडिंग त्यातच येतं) युगेंडआम्ट देईल, पण ते पूर्ण बर्लिनमध्ये कुठल्याही किटात चालतं. नंतर दुसऱ्या बेत्झिर्कमध्ये घर मिळालं तरी जागा जात नाही. फक्त स्वस्त म्हणून फाल्केनझे वगैरे घेऊ नका. ते शेजारचं राज्य, ब्रांडेनबुर्ग, तिथे पहिल्यापासून सगळं.

तास किती मागितलेत? नोकरीचा पुरावा न देता सात तास मिळतात. त्याहून जास्त हवे असतील तर दोघांच्या कामाचे कागद लागतील. जुई लगेच नोकरी करणार नसेल तर सात पुरेत, उगाच फाइल जाड करू नका.

आणि गोवराच्या लशीचे दोन्ही डोस झालेत ना? दोन वर्षांवरच्या मुलाला दोन्ही लागतात, 2020 च्या मार्चपासून कायदाच आहे, त्याशिवाय किटा आत घेत नाही. आमच्या डॉक्टरांनी पुण्यात निळ्या शाईने, त्यांनाच वाचता येईल अशा अक्षरात लिहिलं होतं. इथल्या बालरोगतज्ज्ञ बाई भिंग घेऊन बसल्या होत्या. निघण्यापूर्वी लशीची नावं आणि तारखा इंग्रजीत टाइप करून शिक्का आणा म्हणावं.

---

शिरीषकाका, बुधवार, सकाळी 10.41

> फक्त स्वस्त म्हणून फाल्केनझे वगैरे घेऊ नका

फाल्केनझेला काय वाईट आहे? आमचे व्याही तिथे राहतात. स्टेशनपासून सायकलने आठ मिनिटं, अंगणात सफरचंदं.

---

गौरी, बुधवार, सकाळी 10.44

काका, फाल्केनझे छानच आहे. गुटशाइनचं म्हणत होते.

---

मकरंद, बुधवार, दुपारी 1.30

नीलिमाताई, अपार्टमेंटवाल्यांकडे परत जा. चार महिन्यांचा करार आहे ना? तिथे राहायला येणाऱ्याला तो कागद देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, त्यांच्या मर्जीचा प्रश्नच नाही. 'देत नाही' हे ते इंग्रजीत लिहिणाऱ्यांना सांगतात. जर्मन मजकूर सोबत जोडतोय, बुंडेसमेल्डेगेझेत्झचं (पत्ता-नोंदणीच्या कायद्याचं) कलम 19 त्यात आहे. जशाच्या तसा पाठवा, खाली जुईच्या नवऱ्याचं नाव, वर कराराचा क्रमांक. 'कृपया' एकदाच ठेवलंय, वाढवू नका.

ब्युर्गरआम्टचा टर्मिन (भेटीची वेळ) आत्ताच घ्या. शहरातलं कुठलंही ऑफिस चालतं. सकाळी उठून पान रिफ्रेश करत बसायचं, कुणीतरी रद्द करतंच. मला कोएपेनिक मिळालं होतं, जायला सव्वा तास, काम सात मिनिटं.

---

स्नेहल, बुधवार, दुपारी 3.05

पत्त्याचं मला कळत नाही, पण किटा सुरू झाली की काय होतं ते लिहिते, कारण आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिले तीन दिवस आई किंवा बाबाने वर्गात कोपऱ्यात बसायचं. खेळायचं नाही, मोबाईल बघायचा नाही, नुसतं असायचं. आमच्याकडे अमोल बसला. सहा फूट माणूस आणि खुर्ची आपल्या पाटाएवढी. चौथ्या दिवशी त्याला पाच मिनिटं बाहेर जायला सांगितलं, तर ईशान मजेत आणि हाच दाराच्या काचेला नाक लावून. पूर्ण व्हायला तीन आठवडे गेले. काहींना चार-पाच लागतात. तेव्हा जुईने 1 तारखेपासून मोकळी झाले असं धरू नये. दोघांतल्या एकाने ऑक्टोबर रिकामा ठेवा.

आणि मुख्य. ईशानला जर्मन येत नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात फोन आला की तो सारखा बूट मागतो आणि बूट दिले की रडतो. तो म्हणत होता "शू! शू!" आणि जर्मनमध्ये शू म्हणजे बूट. बिचाऱ्या बाई दर वेळी धावत जाऊन त्याचे बूट आणत होत्या. तीन दिवसांत पाच पँटी ओल्या. मग मी जाड कागदावर आठ शब्द लिहून दिले: शू, शी, पाणी, भूक, झोप, नको, दुखतंय, आई कधी येणार. बाईंनी तो ईशानच्या हुकावर, इगेल नावाच्या काटेरी प्राण्याच्या चित्राखाली चिकटवला. अजून तिथे आहे. बाई आता दुसऱ्या मुलांनाही "नको" म्हणतात.

---

अनुजा, बुधवार, दुपारी 3.20

अगं शू!! 😂 आमच्याकडे तर मुलीने नाश्त्याच्या डब्यात आजीचे शंकरपाळे नेले, डबा तसाच परत. वर चिठ्ठी: गोड चालत नाही, कृपया गाजर.

---

प्रसाद, बुधवार, दुपारी 4.10

शंकरपाळ्यांना गोड म्हणणारे लोक आपल्यातही आहेत. आमच्या सोलापूरला तिखटमिठाचे करतात.

---

वैदेही (सचिव), बुधवार, संध्याकाळी 6.00

ही यादी घोषणांसाठी आहे.

स्नेहल, तुझे आठ शब्द शीटमध्ये टाकशील का? नवीन टॅब उघड, पांकोवर लिहू नकोस.

---

नीलिमा, शुक्रवार, दुपारी 12.25

मंडळी, थोडं सरकलं.

मकरंदची मेल बुधवारी संध्याकाळी पाठवली. गुरुवारी नऊला अपार्टमेंटवाल्यांचं उत्तर: कागद देतो, चेक-इनच्या दिवशी. पण 'प्रक्रिया शुल्क' 30 युरो. किटाच्या बाईंना कराराची प्रत आणि टर्मिनची पावती (19 सप्टेंबर, श्पांडाऊ) पाठवली. त्या म्हणाल्या, ठीक, महिनाअखेरपर्यंत थांबते. मी फोनवर जवळजवळ रडलेच.

आता 30 युरो द्यायचे का भांडायचं?

---

मकरंद, शुक्रवार, दुपारी 12.31

भांडायचं. सही करायचे पैसे कसले? मजकूर देतो.

---

तन्मय, शुक्रवार, दुपारी 12.33

द्या आणि मोकळे व्हा.

---

गौरी, शुक्रवार, दुपारी 12.40

आधी कागद हातात घ्या, मग भांडा. 19 च्या टर्मिनआधी तर मुळीच नाही.

---

शिरीषकाका, शुक्रवार, दुपारी 1.15

1987 साली 30 मार्कांत आठवड्याचा बाजार होत असे.

---

नीलिमा, शुक्रवार, दुपारी 2.00

गौरीचं ऐकते.

शेवटचं: किटाच्या यादीत चिखलात खेळायची पँट, रबरी बूट, घरात घालायच्या चपला आणि दोन कपड्यांचे जोड आहेत. मात्शहोजं (तीच चिखलाची पँट) 104 मापाची कुणाकडे पडून आहे का? रेवा उंच आहे. 12 तारखेला विमानतळावर जायला मुलाची कारसीट असलेली गाडीही हवी. विमान संध्याकाळी पावणेसातला.

---

स्नेहल, शुक्रवार, दुपारी 2.08

ईशानची आहे, गुडघ्याला चिकटपट्टी लावलेली. रविवारी गणपतीच्या तालमीला आणते. कारसीट प्रसादकडे असेल.