सेंट पॉल कॅम्पसजवळच्या बंद गोल्फ मैदानाचा इतिहास?

नवा_विद्यार्थी
नमस्कार मंडळी. मिनेसोटा विद्यापीठात नुकताच आलोय. लार्पेंटर अव्हेन्यूवरून जाताना एक भलंमोठं गोल्फ मैदान दिसतं, पण तिथे कुणी खेळत नाही. विद्यापीठाचंच होतं म्हणे. मैदानाला ज्यांचं नाव आहे ते ‘लेस बोलस्टॅड’ कोण? मैदान जुनं आहे का?

फाल्कनहाइट्सची_आई
हो, 2025 चा हंगाम संपल्यावर बंद केलं. 1920 च्या दशकातलं, 18 होलचं मैदान. बोलस्टॅड इथलेच विद्यार्थी. 1926 साली, अवघ्या अठराव्या वर्षी, त्यांनी अमेरिकेची पब्लिक लिंक्स स्पर्धा जिंकली. खासगी क्लबचे सभासद नसलेल्या, सार्वजनिक मैदानांवर खेळणाऱ्यांची ती स्पर्धा. पुढे 1947 ते 1976 ते विद्यापीठाचे गोल्फ प्रशिक्षक होते. मिनियापोलिसची पॅटी बर्ग त्यांचीच शिष्या. 1946 ची पहिली यू.एस. विमेन्स ओपन तिने जिंकली, एकूण 15 मोठी अजिंक्यपदं मिळवली आणि 1950 मध्ये एलपीजीए ही महिला व्यावसायिक गोल्फपटूंची संघटना उभारणाऱ्या 13 जणींमधली ती एक. पहिली अध्यक्षाही तीच.

मी स्वतः कधी गोल्फची काठी हातात धरली नाही. माझं मैदान वेगळं. सप्टेंबरात याच गोल्फ मैदानावर विद्यापीठाचे जुने धावण्याचे प्रशिक्षक रॉय ग्रियाक यांच्या नावाची क्रॉस-कंट्री (मोकळ्या चढउतारांवरून धावण्याची) शर्यत व्हायची, 1986 पासूनची. शाळेची पोरं आणि कॉलेजचे संघ, सगळे त्याच हिरवळीवर. माझी लेक शाळेच्या संघातून धावली. चढावर तिचा चेहरा लालबुंद झालेला, आणि शेजारी उभी असलेली अनोळखी बाई तिचं नाव घेऊन ओरडत होती. या गावात मी परकी नाही, असं मला तिथे पहिल्यांदा वाटलं.

सडेतोड
ताई, भावना समजते. पण गोल्फ मूठभर लोकांचा खेळ. एवढी जागा शहरात अडवून ठेवण्यापेक्षा घरं झालेली बरी.

फाल्कनहाइट्सची_आई
घरं हवीतच, त्याला माझा विरोध नाही. पण हे मैदान मूठभरांचं नव्हतं. विद्यार्थी नसलेल्यांनाही पैसे भरून खेळता यायचं, सभासदत्व लागत नव्हतं. पब्लिक लिंक्स जिंकलेल्या माणसाचं नाव त्याला शोभायचं ते म्हणूनच. नव्या वसाहतीत निदान तो धावण्याचा चढ सर्वांसाठी मोकळा ठेवावा, एवढं मी नगरपालिकेला लिहिणार आहे.

नवा_विद्यार्थी
ताई, मनापासून आभार. जुने फोटो कुठे मिळतील?

फाल्कनहाइट्सची_आई
विद्यापीठाच्याच वेस्ट बँक कॅम्पसवरच्या अँडरसन ग्रंथालयात विद्यापीठाचं अभिलेखागार आहे, तिथे विचार. ‘मिनेसोटा डेली’ या विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राचे जुने अंकही चाळ.