शब्दचर्चा : 'मोटिफ'ला मराठीत काय म्हणाल?

वेंगुर्लेकर : दोन व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो अशा चार वाद्यांसाठी एक रचना लिहितोय. श्रोत्यांना मराठी टिपण द्यायचं आहे. बहुतेक मंडळी भजनातली. टिपणात 'मोटिफ' पावलोपावली येतो : तीन-चार स्वरांचा तुकडा, रूपं बदलत येत राहणारा, सगळ्या रचनेला बांधून ठेवणारा. 'पकड' चालेल का?

आडिवरेकर : पकड नको. पकड म्हणजे रागाची ओळख पटवणारा स्वरांचा तुकडा, ती रागाची असते. 'नी रे ग रे सा' म्हटलं की यमन, गाणारा कुणीही असो. मोटिफ त्या एका रचनेच्याच मालकीचा. शिवाय पकड उलटी केली तर रागाची ओळखच जाते. मोटिफ मात्र उलटापालटा करण्यासाठीच घेतलेला असतो.

हायडन या संगीतकाराचं ओपस (कृतिक्रमांक) ७६ मधलं दुसरं क्वार्टेट, म्हणजे अशीच चार वाद्यांची रचना (प्रकाशन १७९९), ऐका. डी हा सा धरला तर पहिलं व्हायोलिन सुरुवातीला संथ चार स्वर वाजवतं : प–सा, रे–मंद्र प. पंचमाच्या दोन उतरत्या उड्या, बस्स. पहिला भाग संपेपर्यंत त्या पाठ सोडत नाहीत. कधी दुसऱ्या वाद्याकडे जातात, कधी दुप्पट लयीत येतात, कधी खालून वर चढतात, कधी एका वाद्याचं म्हणणं पुरं व्हायच्या आत दुसरं सुरू करतं. या क्वार्टेटचं टोपणनावच 'पंचम' पडलं आहे. जो मराठी शब्द निवडाल, त्याला हे सगळं पेलवलं पाहिजे.

पखवाजी, कुडाळ : माका तर ह्यां तबल्याच्या कायद्या-पलट्याचांच काम दिसता. 'धा धा तिट धा धा तिं ना' घेतलंस की पलट्यात तेच बोल फिरवूचे, भायरचो बोल आणूचो नाय. मंडळींका असां सांग, लगेच समाजतला.

आडिवरेकर : बुवा, समजावायला याहून सोपं काही नाही. टिपणात हे घालाच. पण मोटिफ अख्ख्या कायद्याएवढा नसतो, त्यातल्या 'तिट'एवढा असतो. म्हणून शब्द म्हणून 'कायदा' बसत नाही.

ग्रंथालयवाली : लोककथांच्या अभ्यासात मोटिफला 'कल्पनाबंध' म्हणतात. पण स्वरांच्या तुकड्यात कल्पना कुठली? मी 'स्वरबीज' सुचवेन.

आडिवरेकर : बीज आपसूक रुजतं. हे काम चिरा तासून बसवण्यासारखं आहे. तरी 'स्वरबीज' कानाला बरं लागतं आणि अर्थही पोचतो. 'आकृती' वगैरे शब्द पाठ्यपुस्तकी वाटतात.

वेंगुर्लेकर : स्वरबीज पटलं. आता खरी अडचण. दुसऱ्या भागात एक नवी सुरावट आली आहे. गोड आहे, पण घरात पाहुणी आल्यासारखी वाटते.

आडिवरेकर : तिला हाकलू नका. तिच्याखाली व्हिओला काय वाजवतोय? नुसते सुरांचे ठोके असतील तर तिथे स्वरबीज आणा, दुप्पट लांब करून. वर सुरावट नवी, खाली जुनं बीज. किंवा स्वर बदला आणि बीजाची लय तेवढी ठेवा; पुष्कळदा कान स्वरांच्या आधी लय ओळखतो. मात्र प्रत्येक मात्रेत बीज कोंबू नका. चारही वाद्यं सारखं तेच बोलत राहिली तर बांधणी दिसते, गाणं ऐकू येत नाही.

ग्रंथालयवाली : रशियन संगीतकार शोस्ताकोविचचं आठवं क्वार्टेट (१९६०) या चर्चेत हवंच. सी हा सा धरून त्याचं बीज : रे, कोमल ग, सा, मंद्र नी. जर्मन स्वरनावांनी वाचलं तर डी-एस-सी-एच, म्हणजे त्याच्याच नावाची (जर्मन स्पेलिंगमध्ये D. Sch…) सुरुवातीची अक्षरं. पाचही भागांत ती येतात. इथे आपल्याकडचा 'नाममुद्रा' शब्द चपखल बसतो, फक्त 'तुका म्हणे' अभंगाच्या शेवटी येतं आणि ही सुरुवातीपासूनच.

पखवाजी, कुडाळ : म्हणजे बुवान पयल्याच ओळीत सही केल्यान!

वेंगुर्लेकर : हा हा. एक शंका राहिली : 'ती स्वरबीज' की 'ते'?

ग्रंथालयवाली : ते. अनेकवचन 'स्वरबीजे', बोलताना 'स्वरबीजं'. 'ती बीज' ही भाऊबीजेची. सामान्यरूप 'स्वरबीजा' : 'चेलो स्वरबीजाला उलटं करतो.'