घाटात टर्बो लॅग आणि हाफ क्लच
१८०० आरपीएमच्या (इंजिनच्या मिनिटाला १८०० फेऱ्या) खाली टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, जागा झालेला नसतो आणि डिझेल एसयूव्ही मेल्यासारखी होते (हाच टर्बो लॅग), हे मान्य. पण घाटात त्यावर काही जण सुचवतात तो हाफ क्लच धरून, म्हणजे क्लच अर्धवट दाबून ठेवून, रेस द्यायचा उपाय मात्र पटला नाही. टर्बो फिरतो एक्झॉस्टच्या जोरावर, त्यामुळे इंजिन मंद असताना अ‍ॅक्सिलरेटर कितीही दाबला तरी तो लगेच जागा होत नाही. तोवर क्लच प्लेट मात्र जळते. आंबेनळीसारख्या घाटात वळण दिसलं की आधीच दुसरा गिअर टाकायचा, अगदी आखूड वळणाला सरळ पहिला, म्हणजे आरपीएम खाली येत नाही. इंजिन ओरडतं, ओरडू दे.

एक मुद्दा राहिलाय तो उंचीचा. लडाखमध्ये ५००० मीटरच्या आसपास हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. टर्बो सुरू व्हायच्या आधी इंजिनला तेवढ्याच विरळ हवेवर भागवावं लागतं, म्हणून इथे १८०० ला उचलणारी गाडी तिथल्या खार्दुंग ला खिंडीच्या चढावर बऱ्याच वरच्या आरपीएमला उचलते. तिथे चढावर थांबायची वेळ आलीच, तर हँडब्रेक ओढा, एसी बंद करा, पहिल्यात रेस आधी वाढवा आणि मग क्लच एकदाच, न रेंगाळता सोडा.