लसीसाठी रेशन अडवणं बरोबर होतं का?

रानजाई
नोव्हेंबर २०२१ मध्ये औरंगाबाद जिल्हा प्रशासनानं आदेश काढला होता: कोविड लसीचा निदान एक डोस घेतल्याशिवाय रेशन नाही, पेट्रोल नाही. लसीकरणात जिल्हा मागे पडला होता, म्हणून. मी स्वतः लस वेळेत घेतली, तरी माझ्या मते हा आदेश साफ चुकीचा होता. आमच्या गावात नको म्हणणारे काय विचारत होते, ते मी ऐकलंय. "दोन दिवस ताप आला तर मजुरी कोण देणार?" "मला दमा आहे, चालेल का?" "पाळीत घेतली तर?" याला सरळ उत्तरं होती. ती देण्याऐवजी गरिबाचे गहू अडवायचे?

खारघरकर
सपशेल असहमत. एप्रिल-मे २०२१ विसरलात का? ऑक्सिजनच्या बेडसाठी लोक रात्रभर फोन फिरवत होते. एकेकाची समजूत काढत बसायला वेळ कुठे होता? १५ ऑगस्टपासून लोकलसाठी दोन डोस आणि वर १४ दिवस ही अट आली, तेव्हा कुठे आमच्या सोसायटीतले "बघू पुढच्या महिन्यात"वाले रांगेत उभे राहिले. माझा मेहुणा त्यातलाच. त्याला शंका वगैरे काही नव्हती, नुसता आळस.

रानजाई
लोकलचंच घ्या. १८ ते ४४ वयाच्यांना लस खुली झाली १ मेला. १३ मेला कोविशील्डच्या दोन डोसमधलं अंतर १२ ते १६ आठवडे केलं. १ जूनला पहिला डोस मिळालेला माणूस ८४ दिवस मोजून २४ ऑगस्टला दुसरा घेणार, वर १४ दिवस. म्हणजे ७ सप्टेंबरपर्यंत लोकल बंद, आणि त्यानं नकार दिलेलाच नाही! त्यात लसीची नोंदणी करायच्या कोविन संकेतस्थळावर जूनपर्यंत मराठी नव्हतं. न मिळालेल्याला आणि न घेणाऱ्याला एकच शिक्षा झाली.

प्रश्नचिन्ह
शंका फक्त खेड्यात होती असं समजू नका. कोवॅक्सिनला ३ जानेवारी २०२१ ला मंजुरी मिळाली, तेव्हा तिसऱ्या टप्प्यातले परिणामकारकतेचे आकडे आलेच नव्हते. असं का, हे विचारलं की लगेच 'लसविरोधक'. शेवटी २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानंच सांगितलं की लस कुणावर लादता येणार नाही.

खारघरकर
निकाल अर्धाच सांगू नका. लसीकरणाचं धोरण अवाजवी म्हणता येणार नाही, हेही त्याच निकालात आहे. लस न घेतलेल्यांवरचे निर्बंध प्रमाणाबाहेरचे ठरवले, ते तेव्हा रुग्ण कमी होते म्हणून. दुष्परिणामांची माहिती लोकांपुढे ठेवा असंही कोर्ट म्हणालं; त्याला माझाही पाठिंबा आहे.

आशाताईची_लेक
माझी आई नंदुरबार जिल्ह्यात आशा सेविका आहे. सुरुवातीला पाड्यावर गेली की दारं बंद. मग ती आपल्या दंडावरची सुईची जागा दाखवायची, लस घेतलेल्याच्या हातात तापाच्या गोळ्या मोजून द्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चक्कर मारायची. असं करत करत माणसं तयार झाली. मग कुठून तरी बातमी पसरली की लस न घेणाऱ्यांचं रेशन बंद होणार. लोकांनी आईलाच विचारलं, "तूच आमची नावं कळवणार ना?" त्या महिन्यात बाळांना डोस द्यायच्या दिवशीही बायका कमी आल्या. गोवराची लस चुकली तर काय होतं, हे इथं कुणाला सांगायला नको.

प्रश्नचिन्ह
आणि एवढं करूनही आशांचं मानधन थकतं. तो वेगळा धागा होईल.

खारघरकर
ताई, तुमच्या आईंना नमस्कार. पण रेशन आणि लोकल एका मापात मोजू नका. गच्च भरलेल्या डब्यात माणूस दुसऱ्याच्या तोंडावर श्वास सोडतो. रेशनच्या दुकानात जेमतेम पाच मिनिटं उभं राहायचं, तेही उघड्यावर. रेशन अडवायला माझाही विरोध. लोकलच्या अटीवर मात्र मी ठाम आहे.

रानजाई
मग दुसऱ्या डोसची वाट पाहणाऱ्यांना चाचणीचा अहवाल दाखवून प्रवास का करू दिला नाही? एक डोस झालेला, चाचणी निगेटिव्ह, आणि कामाला बदलापूरहून दादरला जायचंय. त्याला कोणत्या कारणासाठी अडवायचं, तेवढं सांगा.